आदिवासी समाज आणि संस्थांसाठी ग्रँट रायटिंग: या कामात यायचं असेल तर कुठून सुरुवात करायची

ग्रँट रायटिंग, म्हणजे पैसे देणाऱ्या फंडरकडे संस्थेसाठी अनुदान मागणारे अर्ज (प्रपोजल) लिहिणं, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, भाषा चांगली असली की झालं. आणि भाषा चांगली असलेली माणसं उतरतातही या कामात, पण दोन-तीन प्रपोजल झाली की लक्षात येतं, लिहिणं हा यातला फार तर पाव हिस्सा आहे. बाकीचा वेळ जातो लोकांशी बोलण्यात, आकडे जमवण्यात, बजेट जुळवण्यात, सह्या मिळवण्यात आणि फंडरचं ते लांबलचक नियमांचं पीडीएफ ओळ न ओळ वाचण्यात. हे सगळं आवडत असेल तर करिअर म्हणून फार समाधान देणारं काम आहे, मनापासून सांगते. नुसतं लिहायला आवडतं म्हणून येत असाल तर मात्र जरा थांबा आणि पुढचं वाचून ठरवा.

मी हे मुख्यतः आदिवासी समाजांसोबत काम करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. अमेरिकेतल्या ट्राइब्स, कॅनडातले फर्स्ट नेशन्स, ऑस्ट्रेलियातले अ‍ॅबोरिजिनल समाज, न्यूझीलंडचे माओरी, अ‍ॅमेझॉनमधले, इंडोनेशियातले समाज, प्रत्येकाचा कायदा वेगळा, इतिहास वेगळा. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच, यांच्या नावावर पैसा खूप उभा राहतो आणि यांच्या हातात फार कमी पोचतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या कॉप२६ या जागतिक हवामान परिषदेत काही सरकारं आणि फाउंडेशन्सनी मिळून आदिवासी आणि स्थानिक समाजांच्या जमीन-जंगल हक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यांनीच काढलेल्या रिपोर्टमध्ये दिसलं की पहिल्या वर्षी दिलेल्या पैशांपैकी साधारण ७ टक्केच थेट त्या समाजांच्या संस्थांना गेले, बाकीचे मध्यस्थ संस्थांमार्फत. तुम्ही या क्षेत्रात येताय म्हणजे नेमक्या याच ठिकाणी येताय, पैसा आणि समाज यांच्या मधल्या जागेत. तिथे उभं राहून तुम्ही अंतर कमी करता की स्वतःच आणखी एक थर होऊन बसता, हे बरंचसं तुमच्या सवयींवर ठरतं, म्हणून मी सवयींबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी समाज काय म्हणतोय ते

सगळ्यात महत्त्वाची सवय ही की पैसा दिसला म्हणून प्रोजेक्ट काढायचा नाही. होतं काय, फंडर जाहीर करतो की यंदा क्लायमेटसाठी पैसे आहेत, की लगेच संस्थेत धावपळ सुरू होते, क्लायमेटचं काहीतरी बसवा. मग तीन वर्षं लोक असं काम करत बसतात जे त्यांनी कधी मागितलंच नव्हतं, आणि जे हवं होतं, म्हणजे समजा पाण्याची लाइन किंवा भाषेचे वर्ग, ते तसंच राहून जातं. उलटं करा. समाजाच्या पंचायतीने, कौन्सिलने किंवा जी काही त्यांची निर्णय घेणारी जागा असेल तिने आधी ठरवलेल्या कामांची यादी मिळवा. पुष्कळ ट्राइब्सकडे लेखी स्ट्रॅटेजिक प्लॅन असतो, नसेल तर गेल्या दोन-तीन वर्षांचे ठराव वाचा, त्यात लोकांना काय हवंय ते स्पष्ट दिसतं. त्या यादीतलं काम घेऊन मग फंडर शोधायला निघायचं.

याला आंतरराष्ट्रीय पातळीवरही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला आदिवासी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, १४४ देश बाजूने, ४ विरोधात. ते चार म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका, पुढे चौघांनीही पाठिंबा जाहीर केला. या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं, म्हणजे दबावाशिवाय, काम सुरू होण्याआधी आणि सगळं समजून दिलेल्या संमतीचं तत्त्व आहे, आणि फंडर लोक हल्ली प्रपोजलमध्ये याबद्दल सरळ विचारतात. तिथे 'समाजाशी चर्चा करण्यात आली' असं मोघम वाक्य टाकून भागत नाही. कधी मीटिंग झाली, कोण बसलं होतं, कोणत्या भाषेत बोलणं झालं, लोकांनी काय बदलायला सांगितलं आणि ते कुठे बदललं, एवढं लिहा. आणि लोक नाही म्हणाले तर प्रपोजल जाणार नाही, हे तुमच्या बॉसला पहिल्याच दिवशी माहीत असू द्या.

हे सगळं वेळापत्रकात बसवणं हा खरा कौशल्याचा भाग. समजा फंडरने ६० दिवस दिलेत आणि अर्जासोबत कौन्सिलचा सही केलेला ठराव लागतोय. कौन्सिल महिन्यातून एकदा बसते, अजेंड्यावर विषय यायचा तर मसुदा आठ-दहा दिवस आधी द्यावा लागतो, त्याआधी वकिलाने एकदा बघायचा असतो. म्हणजे तुमच्या हातात ६० दिवस नाहीतच, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रोजेक्टचा सारांश आणि बजेटचा अंदाजे आकडा तयार पाहिजे. त्यात मधेच कुणाचं निधन झालं तर ऑफिस बंद राहतं, विधींचे दिवस असतात, शिकारीचा किंवा मासेमारीचा हंगाम असतो. हे अडथळे धरू नका, ते तिथलं आयुष्य आहे, डेडलाइन त्याच्याभोवती आखायची. मी सुरुवातीलाच वर्षाचं कॅलेंडर करून त्यात आधी समाजाचे दिवस भरते आणि मग फंडरच्या तारखा, या क्रमाने केलं की कुठली डेडलाइन सोडून द्यायची ते आधीच कळतं. आणि सोडून द्यायला शिका बरं का, प्रत्येक ग्रँटच्या मागे पळणारी संस्था लवकर थकते.

फंडर शोधायचे कसे

पैशाचे स्रोत ढोबळमानाने चार: सरकार, खाजगी फाउंडेशन, कंपन्या आणि साधी माणसं. नवीन माणूस सगळा वेळ पहिल्या दोघांत घालवतो, पण बिनशर्त पैसा, म्हणजे जो भाड्याला, विजेच्या बिलाला, अचानक आलेल्या खर्चाला वापरता येतो, तो बहुतेक वेळा साध्या माणसांच्या दर महिन्याच्या छोट्या देणगीतून येतो. संस्थेकडे तीनशे-चारशे नियमित देणगीदार असले तर ग्रँट हुकली म्हणून पगार थांबत नाहीत. म्हणून ग्रँट रायटर असलात तरी देणगीदारांना आभाराचं पत्र वेळेत जातंय का, त्यांना वर्षातून दोन-तीनदा पैसे न मागता नुसती कामाची बातमी जातेय का, याकडे लक्ष ठेवा.

फाउंडेशनबद्दल एक जुनी पण फार उपयोगी युक्ती. अमेरिकेतल्या प्रत्येक खाजगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. त्यात त्यांनी कुणाला किती पैसे दिले याची पूर्ण यादी असते. वेबसाइटवर फाउंडेशन काहीही म्हणो, 'आम्ही सर्व समाजांसाठी काम करतो' वगैरे, तुम्ही ती यादी उघडा आणि बघा, गेल्या तीन वर्षांत एका तरी आदिवासी संस्थेला दिलेत का, दिले तर किती, आणि तुमच्या एवढ्या आकाराच्या संस्थेला दिलेत का. समजा त्यांची नेहमीची ग्रँट १५ हजारांची असेल आणि तुम्ही दीड लाख मागितलात तर तो अर्ज वाचला जाण्याआधीच बाद आहे. हे फॉर्म शोधायला कॅंडिडचा डेटाबेस आहे, फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन ती झाली, पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत तो फुकट वापरता येतो. अमेरिकन सरकारी ग्रँट ग्रँट्स डॉट गव्ह वर असतात.

अमेरिकेबाहेर काम करत असाल तर जीईएफ या जागतिक पर्यावरण निधीचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम बघा, १९९२ पासून चालू आहे, मुख्यतः यूएनडीपी ही संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था चालवते, ग्रँट छोट्या असतात आणि तिथे काही देशांत स्थानिक भाषेत किंवा चक्क व्हिडिओवर केलेलं प्रपोजलही घेतलं जातं. ज्या गावात लिहिणारं कुणी नाही पण बोलणारे भरपूर आहेत तिथे याचा किती फरक पडतो ते प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे. आणि आता आदिवासींनी स्वतः चालवलेले फंड उभे राहिलेत: पवांका फंड, ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधला पोडाली, इंडोनेशियातला नुसांतारा फंड, मध्य अमेरिकेतला मेसोअमेरिकन टेरिटोरियल फंड, अमेरिकेत एनडीएन कलेक्टिव्ह. इथे अर्ज लिहिताना तुम्हाला 'आदिवासी म्हणजे कोण' हे पहिल्या पानावर समजावत बसावं लागत नाही, सरळ कामावर येता येतं. माझं मत विचाराल तर नव्या संस्थेने पहिले अर्ज इथेच करावेत.

पात्रतेचे कागद आधीच तपासून घ्या कारण यात खूप अर्ज अडकतात. अमेरिकेत केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या साधारण पावणेसहाशे ट्राइब्स आहेत आणि ट्रायबल सरकारांना नेहमीची ५०१ सी ३, म्हणजे करमाफ धर्मादाय संस्थेची नोंदणी लागतेच असं नाही, १९८२ च्या कायद्याने आयकर संहितेत कलम ७८७१ आलं आणि देणग्यांच्या बाबतीत त्यांना राज्य सरकारासारखं धरलं जातं. पण छोट्या फाउंडेशनच्या प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे त्यांच्याकडे ग्रँटचं काम बघणाऱ्या माणसाला, बरेचदा हे माहीतच नसतं, त्यांच्या फॉर्मवर ५०१ सी ३ चा एकच रकाना असतो. अशा वेळी फोन करा, शांतपणे कलम सांगा, एक पानी पत्र तयारच ठेवा. कॅनडात 'क्वालिफाइड डोनी' ची, म्हणजे देणगी घ्यायला कायद्याने पात्र असलेल्या संस्थेची भानगड आहे, तिथे फर्स्ट नेशन सरकारी काम करणारी संस्था म्हणून नोंदणी करून पात्र होऊ शकतं, आणि २०२२ च्या कायदाबदलानंतर चॅरिटीज नोंदणी नसलेल्या गटांनाही काही अटींवर पैसे देऊ शकतात. आपल्या देशात, ज्या देशातून पैसा येतो तिथे, आणि ज्या समाजाला मिळणार तिथे, तिन्ही ठिकाणचे नियम एकदा तरी स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

अर्ज टाकायच्या आधी शक्य असेल तर प्रोग्राम ऑफिसरशी बोला. दहा मिनिटांचं बोलणं असतं, 'आमचं काम असं असं आहे, यंदा तुमच्याकडे हे बसतंय का?' नाही म्हणाले तर महिनाभराची मेहनत वाचली, आणि हो म्हणाले तर ते काय महत्त्वाचं धरतात ते त्यांच्याच तोंडून कळतं.

लिहायला बसलात की

प्रपोजलचा जो गरज मांडणारा भाग असतो तिथे सगळ्यात जास्त वाईट लिहिलं जातं. एक नमुना बघा, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलंय: 'आमच्या भागातील लोक अत्यंत गरीब व मागास असून त्यांची भाषा आणि संस्कृती नष्ट होत चालली आहे. त्यांना मदतीची नितांत आवश्यकता आहे.' यात एकही गोष्ट कळत नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी हे वाचलं तर त्यांना काय वाटेल याचा विचारही नाही. आता तेच काम असं लिहिलं तर, आकडे समजायला घेतलेत: 'आमच्या चार गावांत भाषा अस्खलित बोलणारे ३१ जण आहेत, त्यातले २६ जण सत्तरीच्या पुढचे. गेल्या वर्षीपासून त्यातले ९ जण आठवड्यातून दोनदा आपल्या घरी मुलांना शिकवतात, मानधन न घेता. ४० मुलं येतात, सगळी एकाच गावची, कारण बाकीच्या तीन गावांतून यायला गाडी नाही. आम्हाला गाडीची सोय हवी आहे, आणि शिकवणाऱ्यांना मानधन हवं आहे.' बघा, यात लोक काहीतरी करताना दिसतात, अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं, आणि पैसे कशाला हवेत ते रिव्ह्यूअरला, म्हणजे अर्ज तपासून गुण देणाऱ्याला, वेगळं समजवावं लागत नाही. बजेटसुद्धा या चार-पाच वाक्यांतूनच निघतं.

माझा नियम साधा आहे: प्रपोजलमधलं प्रत्येक वाक्य त्या गावातल्या माणसासमोर मोठ्याने वाचून दाखवता आलं पाहिजे. जिथे वाचताना अवघडल्यासारखं होतं ते वाक्य बदला. अन्याय झालाच असेल, जमीन गेली, मुलांना बोर्डिंग शाळेत नेलं, नदी खराब केली, तर ते कोणी केलं आणि कधी ते लिहा. 'हा समाज मागे राहिला' असं लिहिलं की जणू आपोआप राहिला.

आउटपुट आणि आउटकम यात नवीन माणसाचा घोळ होतो. आउटपुट म्हणजे काय झालं, इतके वर्ग भरले, इतकी मुलं आली. आउटकम म्हणजे त्याने काय बदललं, वर्षाअखेर किती मुलं आजीशी पाच मिनिटं न अडखळता बोलू शकतात. आणि हे बदलाचं माप समाजाला विचारून ठरवा, त्यांची मापं पुष्कळदा जास्त नेमकी असतात. बऱ्याच फंडरना लॉगफ्रेम हवी असते, म्हणजे ध्येय, कामं आणि मापं एका चौकटीत मांडणारं टेबल, १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झालेलं, आजही सगळीकडे चालतं. ते शिकून घ्या, एका शनिवार-रविवारात येतं. फक्त प्लॅन आधी साध्या भाषेत लिहा आणि मग टेबलात भरा, टेबलापासून सुरुवात केली की काम टेबलाच्या आकाराचं होतं.

रिव्ह्यूअरसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याच्यासमोर अर्जांचा ढीग असतो आणि हातात गुणांची शीट. फंडरच्या मार्गदर्शक कागदात ज्या क्रमाने प्रश्न आहेत त्याच क्रमाने, त्यांचेच मथळे वापरून उत्तरं द्या. शब्दमर्यादा, फॉन्ट, मार्जिन, फाइलचं नाव, हे पाळलं नाही म्हणून चांगले चांगले अर्ज न वाचता परत जातात. शेवटच्या दिवशी पोर्टल चालत नाही, हे गृहीतच धरा आणि दोन-तीन दिवस आधी सबमिट करा.

बजेट

बजेट अकाउंटंटवर सोडून देणारा ग्रँट रायटर अर्धवट तयार आहे असं मी म्हणेन, कारण कितीतरी रिव्ह्यूअर आधी बजेटच उघडतात. वरचंच भाषेचं उदाहरण घेऊ. कोऑर्डिनेटरचा वर्षाचा पगार ५०,००० डॉलर, तो या प्रोजेक्टवर ६० टक्के वेळ देणार, म्हणजे ३०,०००. त्यावर विमा वगैरे २० टक्के धरले तर ६,०००. शिकवणारे ९ ज्येष्ठ, प्रत्येकी ८० वर्ग, वर्गाला ४० डॉलर मानधन, २८,८००. गाडीचा खर्च महिन्याला ६००, वर्षाचे ७,२००. झाले ७२,०००. आता ऑफिस, वीज, हिशेब, ऑडिट यांचा जो सामायिक खर्च असतो, इनडायरेक्ट म्हणतात तो, अमेरिकन सरकारी ग्रँटमध्ये ज्यांचा स्वतःचा दर ठरलेला नाही त्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत लावता येतो, आधी १० होता. म्हणजे इथे १०,८०० आणि मागणी ८२,८००. हे दहा हजार न मागता 'आमचा सगळा पैसा थेट लोकांपर्यंत' असं मिरवणाऱ्या संस्था पुढे ऑडिटला पैसे नाहीत म्हणून अडचणीत येतात, त्यामुळे हक्काने मागा.

आता मॅचिंगचा, म्हणजे फंडरच्या पैशाला जोडून आपण घालायच्या वाट्याचा भाग, इथे फार लोक चुकतात. अमेरिकेत आदिवासी समाजांसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन फॉर नेटिव्ह अमेरिकन्स म्हणून सरकारी कार्यालय आहे, १९७४ च्या कायद्याखाली ग्रँट देतं. त्यांच्याकडे २० टक्के वाटा आपला घालायचा असतो, पण तो एकूण प्रोजेक्ट खर्चाच्या २० टक्के. म्हणजे ८२,८०० चे २० टक्के काढले तर १६,५६० येतात आणि ते चूक. सरकारी रक्कम एकूण खर्चाच्या ८० टक्के असते, म्हणून तिला ४ ने भागायचं, २०,७००, एकूण प्रोजेक्ट १,०३,५०० चा. हा वाटा रोख असायलाच हवा असं नाही, वापरायला दिलेली जागा, स्वयंसेवकांचा वेळ धरता येतो, फक्त त्याची नोंद ठेवावी लागते. दुसरी केंद्र सरकारी ग्रँट साधारणपणे इथे मॅच म्हणून चालत नाही, १९७५ च्या सेल्फ-डिटरमिनेशन कायद्याखालचे पैसे हा महत्त्वाचा अपवाद. वाटा घालणं खरंच झेपत नसेल तर सूट मागता येते. नियम बदलत राहतात म्हणून प्रत्येक वेळी त्या वर्षीचा कागद उघडून बघायचा.

ज्येष्ठांचं मानधन, दुभाषा, मीटिंगचं जेवण, लांबून येणाऱ्यांचं पेट्रोल, लहान मुलं सांभाळायची सोय, हे बजेटमध्ये पहिल्यांदाच घाला. ज्ञान समाजाचं, आणि पगार फक्त बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला, असं बजेट मी तरी पुढे पाठवत नाही. जेवणाचा खर्च काही सरकारी फंड मान्य करत नाहीत, तो मग दुसऱ्या पैशातून करायचा, पण करायचा.

माहिती कुणाची

अर्जासाठी तुम्ही जे आकडे, गोष्टी, फोटो, नकाशे गोळा करता ते तुमचे नाहीत आणि फंडरचेही नाहीत. का म्हणून इतकं ठासून सांगतेय ते एका घटनेवरून कळेल. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई ट्राइबच्या लोकांनी १९९० च्या आसपास डायबेटिसच्या अभ्यासासाठी विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे कळलं की तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले अशा अभ्यासांसाठीही वापरले गेले, ज्याची लोकांना कल्पनाच नव्हती. कोर्टात प्रकरण गेलं आणि २०१० मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठांच्या बोर्डाने ७ लाख डॉलर देऊन आणि उरलेले नमुने परत करून तडजोड केली. तुम्ही रक्त घेत नसाल, पण औषधी वनस्पती कुठे मिळतात याचा नकाशा किंवा पवित्र जागेचं वर्णन प्रपोजलमध्ये लिहिलंत तर तो कागद सरकारी फंडरकडे गेल्यावर माहिती अधिकारात बाहेर येऊ शकतो. म्हणून अशा गोष्टी लिहायच्याच नाहीत, 'समाजाने जपलेली जागा' एवढं पुरतं.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये यासाठी ओकॅप नावाची तत्त्वं मांडली: माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणं. २०१९ मध्ये ग्लोबल इंडिजिनस डेटा अलायन्सने आदिवासींच्या माहितीवरच्या हक्कांसाठीच केअर तत्त्वं आणली. दोन्ही छोटी आहेत, वाचून घ्या आणि फंडरशी करार करताना 'सर्व डेटा फंडरच्या मालकीचा' असं कलम दिसलं तर यांचा हवाला देऊन बदलून मागा. विचारलं तर बदलतात बरेच जण. फोटोंचंही तसंच, परवानगी लेखी आणि मागे घेता येणारी असावी. ऑस्ट्रेलियातल्या अनेक अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर समाजांत मृत व्यक्तीचा फोटो किंवा नाव दाखवणं कुटुंबाला दुखावणारं असतं, म्हणून जुना ब्रोशर पुन्हा छापायच्या आधी विचारायचंच. आणि एआय वापरत असाल तर समाजाची गोपनीय माहिती कुठल्याही टूलमध्ये टाकू नका, मसुद्याची भाषा नीट करायला वापरा फार तर.

या कामात शिरायचं कसं

डिग्री कुठलीही चालते. सामाजिक काम, पत्रकारिता, अकाउंट्स, कायदा, सगळीकडून लोक येतात, आणि अकाउंट्सवाले खरं तर फार चांगले होतात यात. पहिली पायरी म्हणजे एखाद्या छोट्या संस्थेचं एक छोटं प्रपोजल अनुभवी माणसाच्या हाताखाली पूर्ण करणं, सुरुवातीपासून रिपोर्टपर्यंत. दुसरी, आणि ही मी सगळ्यांना आवर्जून सांगते, रिव्ह्यूअर व्हा. पुष्कळ सरकारी कार्यालयं आणि काही फाउंडेशन बाहेरचे लोक अर्ज तपासायला घेतात, थोडं मानधनही मिळतं. टेबलाच्या त्या बाजूला बसून दहा-पंधरा अर्ज एकदा वाचलेत की कुठलाही कोर्स जे शिकवणार नाही ते कळतं.

सर्टिफिकेट दोन माहितीची, ग्रँट लिहिणाऱ्यांसाठी जीपीसी आणि एकूण फंडरेझिंगसाठी सीएफआरई, दोन्हींना आधी अनुभव लागतो, त्यामुळे सुरुवातीलाच त्यामागे लागू नका. नोकरीत पुढे ग्रँट मॅनेजर, मग डेव्हलपमेंट डायरेक्टर, म्हणजे संस्थेच्या निधी उभारणीचा प्रमुख, अशी वाट असते, किंवा फंडरच्या बाजूला प्रोग्राम ऑफिसर.

फ्रीलान्स करणार असाल तर तासाचा किंवा कामाचा ठरलेला दर घ्या, मिळालेल्या ग्रँटचे टक्के कधीही नाही. संस्था विचारतात, 'आत्ता पैसे नाहीत, ग्रँट आली की १० टक्के देऊ'. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सची आचारसंहिता टक्केवारीला सरळ मनाई करते, ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशनचीही. कारणं उघड आहेत, फंडरने ते पैसे कामासाठी दिलेत, अर्ज लिहिण्याची आधीची फी त्यातून देता येत नाही, आणि टक्के मिळणार म्हटलं की लिहिणाऱ्याला मोठा आकडा फुगवावासा वाटतो. संस्थेला परवडत नसेल तर छोटं काम घ्या, एकच भाग लिहून द्या, पण टक्के नाही. नमुन्यादाखल जुनं प्रपोजल कुणाला दाखवायचं असेल तर संस्थेची परवानगी घ्या, आकडे आणि नावं झाकून.

तुम्ही त्या समाजातले नसाल तर पहिल्या ग्रँटच्या बजेटमध्येच समाजातल्या एखाद्याच्या ट्रेनिंगचे पैसे घाला आणि त्याला प्रत्येक मीटिंगला सोबत घ्या. दोन-तीन वर्षांत अर्ज त्याने लिहावा आणि तुम्ही तपासावा. समाजातले असाल तर वेगळाच ताण असतो, ग्रँट हुकली की घरच्या लग्नातही लोक विचारतात, आणि सगळे सतत तुमच्याकडेच फॉर्म घेऊन येतात. कामाचे तास आणि दर सुरुवातीलाच ठरवून कौन्सिलकडून लिहून घ्या, नातेवाईक असलात तरी.

ग्रँट आल्यावर आणि न आल्यावर

नकार येणारच, चांगल्या चांगल्या अर्जांना येतो. दोन-चार दिवसांनी फंडरला मेल करून रिव्ह्यूअरचे शेरे मागा, सरकारी ग्रँटमध्ये बहुतेक वेळा मिळतात. शेरे समाजाच्या टीमसोबत बसून वाचा आणि कुठले पटतात ते ठरवा, सगळेच पटले पाहिजेत असं नाही. तोच अर्ज दुरुस्त करून पुढच्या फेरीत जातो आणि पुष्कळदा मिळतोही.

आली तर कराराची प्रत हातात आल्याच्या आठवड्यात कामाची माणसं, अकाउंटंट आणि तुम्ही एकत्र बसा आणि ठरवा कोण कुठली नोंद ठेवणार, हजेरीचं रजिस्टर, मानधनाच्या पावत्या, गाडीचं लॉगबुक, मॅचचे तास. सहा महिन्यांनी रिपोर्टच्या आदल्या रात्री पावत्या शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. काही ठरल्याप्रमाणे होत नसेल, पुरामुळे वर्ग बंद पडले, कोऑर्डिनेटर सोडून गेला, तर रिपोर्टची वाट न बघता फंडरला आधीच कळवा, बजेट फिरवायची परवानगी मागा, वेळेत कळवलेलं बहुतेकांना आवडतं.

आणि सगळी पोर्टल्स, सरकारी नोंदणी, डोनर डेटाबेस हे संस्थेच्या ईमेलवर उघडा, तुमच्या खाजगी नाही. अमेरिकन सरकारी ग्रँटला सॅम डॉट गव्ह वरची नोंदणी लागते, एप्रिल २०२२ पासून डन्स या जुन्या ओळख क्रमांकाच्या जागी तिथलाच यूईआय हा क्रमांक चालतो, ती नोंदणी दरवर्षी रिन्यू करावी लागते आणि रिन्यू व्हायला कधी कधी आठवडे जातात. ज्याच्याकडे पासवर्ड होता तो नोकरी सोडून गेला म्हणून डेडलाइन हुकल्याची उदाहरणं या क्षेत्रात सर्रास सापडतील. लॉगिनची यादी, रिन्यूच्या तारखा, चालू ग्रँटचे करार आणि फंडरशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर कौन्सिलच्या ऑफिसात किमान दोन जणांना उघडता येतंय ना ते दर तीन महिन्यांनी बघा.